पिन मारलेली प्रत

यल्लाप्पा हुक्केरीच्या छातीवर ठोसा बसला तेव्हा तो मारणारा सोमा त्याच्यापासून चांगला पंधरा फूट लांब उभा होता.

आवटीच्या शेडमधल्या रिंगणाचा नियमच तसा होता. मधोमध पिवळा पट्टा, या बाजूला एक खेळाडू, त्या बाजूला दुसरा. पट्टा ओलांडायचा नाही, एकमेकांच्या अंगाला बोट लावायचं नाही. डोळ्यांवर चष्मा, अंगात जाड जाकीट आणि जाकिटाच्या पाठीवरच्या खोबणीत बसवलेलं हँडहेल्ड. एरवी हातात धरून गेम खेळायचं ते यंत्र. अख्खं इचलकरंजी त्याला डबी म्हणायचं. सोमानं हवेत ठोसा मारला की चष्म्यातला त्याचा पैलवान तो यल्लाप्पाच्या पैलवानाला मारायचा, आणि यल्लाप्पाची डबी त्याच्या जाकिटातून नेमक्या त्याच जागी विजेचा झटका द्यायची. स्नायू क्षणभर आखडायचे, दुखायचं, लोक खूश व्हायचे. माग बंद होऊन ओस पडलेल्या शेडना त्या वर्षांत हाच एक धंदा सापडला होता.

त्या दिवशी यल्लाप्पाच्या छातीचे स्नायू आखडले ते सुटलेच नाहीत. जाकीट त्याला आवळतच गेलं. पहिल्या रांगेतल्यांना बरगड्या मोडल्याचा आवाज ऐकू आला. तो गुडघ्यांवर आला, तोंडातून रक्ताची गुळणी बाहेर पडली आणि पाठ उलटी ताणून तो आडवा झाला. लोकांना वाटलं, काय अभिनय करतोय गडी! टाळ्या पडल्या. त्या टाळ्या थांबायला बराच वेळ लागला, हे आता कुणी कबूल करत नाही.

रिंगणात सगळ्यात आधी धावली ती वैजयंता सातपुते. सोमाची थोरली बहीण, आणि शेडमधल्या सगळ्या डब्यांची प्रणाली सांभाळणारी. तिनं यल्लाप्पाच्या पाठीवरचं बटण दाबून धरलं, डबी बंद झाली, जाकीट सैल पडलं. माणूस मात्र तोवर गेला होता.

सोमा पट्ट्यापलीकडे मुठी आवळून उभा होता. "आक्का, मी काय केलं न्हाई," तो म्हणाला. "मी हिकडंच हाय."

चौकशी झाली. कोल्हापूरहून एक अधिकारी बाई आल्या. कामाला चोख, प्रश्न मोजके. त्यांनी यल्लाप्पाची डबी टेबलावर ठेवली आणि विचारलं, "यात कुणी फेरफार केला असेल का?"

"करता येत नाही, मॅडम," वैजयंता म्हणाली.

आणि ते खरंच होतं. एके काळी गेमच्या यंत्रांवर कुणीही उठावं आणि प्रणालीत हात घालावा असा कारभार असे. कुणी फसवणुकीचा प्रोग्रॅम घुसवी, कुणाचं अपडेट अर्ध्यावर तुटून यंत्राचा दगड होई. मग लिनक्स या सर्वांना खुल्या असलेल्या प्रणालीवर काम करणाऱ्या मंडळींनी अचल प्रणाली आणल्या. वैजयंताच्या डब्यांवर चालणाऱ्या प्रणालीचं नाव होतं अढळ. तिचा पाया मोहोरबंद. तो वाचता येतो, त्यावर लिहिता येत नाही. मालकालाही नाही, चोरालाही नाही. खेळाडूचे गेम, त्याची नोंद, त्याच्या आवडीनिवडी हे सगळं वेगळ्या कप्प्यात राहतं. पाया बदलायचा तर तुकड्यातुकड्यानं बदलता येत नाही. मागावर जसा सूत गुंडाळलेला अख्खा बीम उतरवून दुसरा चढवतात, तशी प्रणालीची पूर्ण नवी प्रत येते, जुन्या प्रतीच्या शेजारी गपचूप बसते आणि डबी पुढच्या वेळी सुरू होताना कामाला लागते. जुनी प्रत मागे शिल्लक असतेच. नवी अडखळली तर सुरू करताना बटण दाबून ठेवायचं आणि जुनीवर परत जायचं. प्रत्येक प्रतीवर ती बनवणाऱ्याची सही असते. डबी ती सही दर वेळी तपासते आणि जुळली तरच हिरवी खूण दाखवते.

वैजयंतानं डबी सुरू केली. हिरवी खूण उमटली.

"मोहोर शाबूत आहे," ती म्हणाली.

बाईंनी तसं लिहून घेतलं. यंत्र निर्दोष ठरलं, आणि यल्लाप्पाला हृदयाचा जुना विकार असावा असा निष्कर्ष निघाला. सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगच्या कारखान्यात सुताची पोती पाठीवर वाहून वाढलेल्या त्या गड्याला कधी साधी धापही लागली नव्हती. पण यंत्र खोटं बोलत नाही म्हटल्यावर खोटं ठरायला मेलेला माणूसच उरतो. शेडमालक आवटीनं मोठा हार पाठवला. यल्लाप्पाचा धाकटा भाऊ बसू शेडच्या दारात उभा राहून वैजयंताकडे बघत होता. ती नजर तिला घरापर्यंत पुरली.

वैजयंताला खात होत्या त्या बरगड्या.

अढळमध्ये झटक्याला मर्यादा होती. ती तिनं स्वतः घातली होती, डोळ्यांत तेल घालून तपासली होती. तेवढ्या झटक्यानं माणूस कळवळेल, खाली बसेल. हाड मोडणार नाही. मग मोडलं कसं? दोन दिवस तिनं मनाची समजूत घालून पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा निवत ठेवून ती शेडमध्ये गेली आणि यल्लाप्पाची डबी पुन्हा उघडली. या वेळी तिनं पाया पाहिला नाही, खेळाडूचा कप्पा पाहिला. प्रत कितीही मागेपुढे केली तरी या कप्प्याला कुणी हात लावत नाही. डबी कोणत्या दिवशी कोणत्या प्रतीवर सुरू झाली हे तिथं राहतं.

ती नोंद तिनं दोनदा वाचली. मरणाच्या दिवशी यल्लाप्पाची डबी सत्ताविसाव्या प्रतीवर चालली होती. बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ती आपसूक चालू प्रतीवर आली, आणि बाईंसमोर वैजयंतानं मोहोर तपासली ती त्या चालू प्रतीची.

सत्तावीस ही प्रत माणसांसाठी नव्हतीच. नवी जाकिटं आली की ती वाळू भरलेल्या पुतळ्याला घालायची आणि कुठवर ताण सोसतात, तारा कुठं जळतात ते बघायचं, यासाठी तिनं ती बनवली होती. तिच्यात कशालाच मर्यादा नव्हती. अंगावर येणाऱ्या झटक्याला नाही, आणि जोराला तर नाहीच. जाकीट नुसतं मार देत नसे, जोरही देई. हात उचलायचा विचार मेंदूतून निघून कातडीपर्यंत पोचला की जाकीट तो टिपायचं आणि स्नायूला आधीच ढकलायचं. मर्यादेत असेल तर थोडी मदत व्हायची. मर्यादा नसेल तर माणूस माणसापेक्षा चपळ व्हायचा.

नव्या प्रती येतात तशा जुन्या आपोआप पुसल्या जातात. पण या धंद्यातल्या प्रत्येकाला एक सवय असते. हमखास चालणारी एक जुनी प्रत पिन मारून ठेवायची, म्हणजे ती कधीच पुसली जात नाही. न जाणो, नवीनं दगा दिला तर? वैजयंतानं सगळ्या डब्यांवर सत्ताविसाला पिन मारली होती, कारण जाकिटांची चाचणी दर काही महिन्यांनी करावीच लागायची. सही तिचीच होती. हिरवी खूण सत्ताविसावरही उमटायची.

म्हणजे यल्लाप्पानं जोरासाठी स्वतः बटण दाबून ती प्रत घेतली होती, आणि त्याच प्रतीनं त्याच्या अंगावरची मर्यादा काढून घेतली होती. पण त्याला हे कुणी सांगितलं? सुरू होताना बटण दाबून ठेवायचं हे तिला रोज करताना कोण बघत होतं?

तिनं सोमाची डबी उघडली. सगळा हंगाम. जिंकलेली प्रत्येक झुंज. सत्तावीस. समोरच्यांच्या साध्या ठोशांत तेवढा जोरच नसायचा, म्हणून तो आजवर वाचला होता.

सोमा जेवत होता. आई-वडील गेल्यावर वैजयंतानंच त्याला वाढवला होता. शेजारच्या दुकानात कोंबडी कापायला घेतली की पोरगं रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं, तिला पिशवी घेऊन पुढं व्हावं लागायचं. तोच सोमा आता खांद्यानं दार भरून टाकत होता.

"सोमा, सत्तावीस तू वापरतोस."

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "कोण म्हणलं?"

"डबी म्हणाली. आता गप बस आणि खरं सांग. यल्लाप्पाला तू सांगितलंस?"

"सरावाला संगट हुतो. त्यानं इच्यारलं, तुझा हात एवढा कसा पळतोय. मी सांगितलं. मैतर हुता की माझा."

"आणि त्या दिवशी तो सत्ताविसावर आहे हे तुला ठाऊक होतं?"

तो जेवत राहिला. तिनं ताट ओढून घेतलं. "ठाऊक होतं का?"

"न्हाई, आक्का," तो म्हणाला, आणि मग त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "ते अंगात असलं की आपलं काय ऱ्हात न्हाई बघ. हात आपल्याआधी जातोय. मी मारलं असं मला वाटलंच न्हाई. आपोआप गेला हात."

वैजयंताला हे ऐकायचंच होतं. तिचा जीव भांड्यात पडला. दोष प्रतीत होता, म्हणजे तिच्या कामात होता, म्हणजे दुरुस्त करता येण्याजोगा होता. प्रत काढून टाकली की तिचा सोमा तिला परत मिळणार होता. चांगली हुशार बाई, पण भावाच्या बाबतीत इतकी भोळी, की सांगून पटणार नाही.

"रविवारी फायनल आहे. बसूशी. तू चालू प्रतीवर लढायचं. माझ्या गळ्याची शपथ घे."

त्यानं तिच्या गळ्याला हात लावला. "शपथ."

तिनं नवी प्रत बनवायला घेतली. त्या प्रतीत सत्ताविसाची सही रद्द केली. ही प्रत एकदा का डबीवर सुरू झाली की सत्तावीस पुन्हा कधी चालणार नव्हती. अडचण एकच होती. नवी प्रत डबीत उतरली तरी ती लागू होते डबी बंद करून सुरू केल्यावरच, त्याआधी नाही. शेडमधल्या डब्या तिनं एकेक करून स्वतः बंद-सुरू केल्या. उरल्या दोन. फायनलच्या दोघांच्या, तोवर पूजेला घरी जाऊन सुरू झालेल्या.

इचलकरंजीत मागाच्या दिवसांपासूनची रीत होती. खंडेनवमीला जसं मागाच्या धोट्याला हळदकुंकू लावतात, तशी फायनलआधी खेळाडूनं डबी घरी न्यायची, देवापुढं ठेवायची, नारळ फोडायचा आणि दिवा लावून सुरू करायची. पूजलेली डबी मग झुंज होईपर्यंत बंद करायची नाही, दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही. सोमाची डबी वैजयंताच्याच देव्हाऱ्यात होती. भांडी घासताना, केर काढताना ती दहा वेळा तिच्यासमोरून गेली. बटण दाबायला कितीसा वेळ लागला असता? पण हळद वाहिली होती, आणि सोमानं शपथ घेतली होती. तिनं हात जोडले आणि पुढं गेली.

बसूच्या घरी ती शनिवारी गेली. त्यानं दारातच अडवलं.

"बसू, सत्तावीस लावू नकोस. तुझा भाऊ त्यानं गेला."

"तुमी तर लिहून दिलासा, मशीन चांगलं हुतं म्हणून," बसू म्हणाला. "आता काय मशीन वाईट झालं?"

"मी चुकले. मी परत लिहून देते. पण तू..."

"यल्ला घरी यिऊन सगळं सांगायचा, आक्का. कोण शिकीवलं, कसं दाबायचं. समदं." त्यानं दार लोटून घेतलं.

रविवारी दुपारी शेड खच्चून भरली होती. पत्र्यावर ऊन तापलेलं, पंखे नावाला फिरत होते. दोन्ही बाजूंनी खेळाडू आले. पाठीवरच्या डब्यांवर हळदीची बोटं, झेंडूची माळ. दोघं शेडच्या नेटवर्कवर आले तसे वैजयंतानं या झुंजीसाठी मुद्दाम मांडलेल्या पडद्यावर त्यांचे प्रत-क्रमांक उमटले.

बसू, सत्तावीस.

सोमा, सत्तावीस.

ती उठून सरळ आवटीकडे गेली. पांढऱ्या कपड्यांतला जाडजूड माणूस, शेडचा मालक, सगळ्यांशी लाघवी. "दोन्ही डब्या बंद करून सुरू करायला लावा. आत्ता. नाहीतर एक जण मरेल."

आवटीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "पूजलेली डबी बंद करायची? पब्लिक शेड पेटवंल, ताई. आन् मोहोर शाबूत हाय म्हणून सरकारला कुणी लिहून दिलं? तुम्हीच ना? आता उलटं बोलला तर आत कोण जाईल, मी का तुम्ही?"

"मी जाईन. आधी थांबवा."

"बसा खाली," तो हसत म्हणाला, आणि त्यानं घंटा वाजवायची खूण केली.

बाहेरून डबी बंद करायची सोय कुणी ठेवलीच नव्हती. ठेवली असती तर पैजा लावणाऱ्यांनी दर झुंज विकत घेतली असती. उरलं होतं ते पाठीवरचं बटण.

पहिल्याच ठोशात बसूचा डावा खांदा निखळला. तो ओरडला नाही. त्यानं उजव्या हातानं इतक्या झपाट्यानं उत्तर दिलं की तो हात नीट दिसलाच नाही. सोमाच्या जबड्याचे स्नायू आखडले, दात दातांवर आपटले आणि त्यातला एक तुटून पिवळ्या पट्ट्यावर पडला. लोक बाकांवर चढले. सोमानं मांडीवर मारलं. बसूची मांडी आतून पिळल्यासारखी वळली आणि हाड मोडलं. तो एका गुडघ्यावर आला, तरी हात चालूच.

"तूच सांगितलास त्याला!" बसू रक्त थुंकत ओरडला. "तूच म्हणलास, सत्तावीस लाव! आन् छातीवर मारलास! ठाऊक हुतं तुला, भाड्या!"

सोमानं चष्म्यातून त्याच्याकडे बघितलं. मग त्यानं छातीचा नेम धरला.

वैजयंता रिंगणात शिरली. दोन माणसं आडवी आली, तिनं एकाच्या हाताला कडकडून चावा घेतला. लोकांच्या आरोळ्यांत तिला फक्त सोमाची पाठ दिसत होती, झेंडूची माळ, हळदीची बोटं. तिनं मागून त्याच्या मानेला मिठी घातली आणि अंगठा बटणावर दाबला. चार-पाच सेकंद दाबून धरावं लागतं. ते चार-पाच सेकंद तिला जन्मभर पुरणार होते.

सोमाचं कोपर मागं आलं. जाकिटाच्या सगळ्या जोरानिशी आलं. तिच्या उजव्या हाताची दोन्ही हाडं काटकीसारखी मोडली आणि एक कातडीतून बाहेर आलं. ती किंचाळली, पण अंगठा डाव्या हाताचा होता. तो तिनं काढला नाही.

डबी बंद झाली. जाकीट सैल पडलं. सोमाचा पुढचा ठोसा हवेतच राहिला, नुसता माणसाचा ठोसा.

वैजयंतानं कडेचा खटका सरकवून डबी परत सुरू केली, तशी वर मोठ्या पडद्यावर अढळची खूण फिरू लागली. नवी प्रत चढत होती. बसू एका हातावर टेकून धापा टाकत होता. त्याच्या डबीला आता समोरून झटकेच येत नव्हते. निवेदक ओरडला, "सातपुते बाद! डबी बंद! हुक्केरी विजयी!" आणि अर्धी शेड नाचायला लागली.

वैजयंता जमिनीवर बसली होती, मोडका हात मांडीवर घेऊन. वेदनेनं डोळ्यांसमोर अंधारी येत होती, तरी तिला आतून हलकं वाटत होतं. झालं, संपलं. सोमाच्या डबीवर हिरवी खूण उमटली. मर्यादा जागेवर. सत्तावीस कायमची गेली.

"सोमा," ती म्हणाली. "बघ, सुटलास."

सोमानं चष्मा काढून फेकला. निवेदकाकडे बघितलं, नाचणाऱ्या लोकांकडे बघितलं, मग बसूकडे. आणि पिवळा पट्टा ओलांडला.

आजवर तो पट्टा कुणी ओलांडला नव्हता. त्यामुळं कुणाला काय करावं ते सुचलंच नाही. सोमानं मोडक्या पायाच्या बसूच्या केसांना धरलं, त्याचं डोकं वर उचललं आणि नुसत्या मुठीनं तोंडावर मारलं. एकदा. पुन्हा. नाकाचं हाड मोडलं. बसूनं निखळलेल्या खांद्याचा हात आडवा घालायचा प्रयत्न केला. सोमानं तो बाजूला केला आणि मारत राहिला.

"जाकीट!" वैजयंता ओरडली. "अजून जाकीट चाललंय त्याचं!" तिला दुसरं काही सुचलंच नाही. ती सरपटत गेली, बसूच्या रक्तातून सरपटत गेली, आणि सोमाच्या पाठीवरचं बटण पुन्हा दाबलं. दाबून धरलं. डबी बंद झाली. तिच्यावरचा दिवा विझला.

सोमा मारत होता.

जाकीट त्याच्या अंगावर पोत्यासारखं लोंबत होतं. त्यात वीज नव्हती, जोर नव्हता, कसली प्रत नव्हती. वैजयंतानं बटण पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. बंद डबीचं बटण दाबत राहिली आणि त्याचं नाव घेत राहिली. त्यानं एकदा मागं वळून बघितलं. चेहरा ओळखीचा होता, अगदी रोजचा. थोडा वैतागलेला.

"थांब गं आक्का," तो म्हणाला, आणि परत वळला.

शेवटी सहा-सात माणसांनी त्याला ओढून काढला. बसूला दवाखान्यात नेलं, तिथं तो दुसऱ्या दिवशी गेला. हुक्केरींच्या घरात दोन भाऊ होते, आता एकही नव्हता.

कोल्हापूरच्या त्याच अधिकारी बाई पुन्हा आल्या. आवटीचा वकील शेजारी बसला होता, आणि सोमाचाही. सोमाच्या वकिलाची सगळी भिस्त एकाच गोष्टीवर होती. यंत्रानं त्याच्याकडून करवलं, त्याचे हात त्याचे नव्हते, असं ठरलं तर तो सुटत होता. आणि ते ठरवू शकणारी बाई एकच होती. तिचा उजवा हात कोपरापासून खाली प्लास्टरमध्ये होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की बोटं पुन्हा नीट वळायची नाहीत.

सोमा समोर बसला होता. तो तिच्याकडे बघत होता. लहानपणी कोंबडीच्या दुकानासमोर रस्त्यापलीकडून बघायचा, तसाच. आक्का जाईल पुढं, करील सगळं.

सत्ताविसाविषयी तिनं आधी सगळं सांगितलं. प्रत तिची, सही तिची, पिन तिची. यल्लाप्पाच्या वेळी तिनं चुकीची प्रत तपासली आणि मोहोर शाबूत असल्याचं चुकीचं लिहून दिलं. बाईंनी एकेक वाक्य लिहून घेतलं. आवटीच्या वकिलानं पाण्याचा ग्लास उचलून खाली ठेवला.

"आणि बसवराज हुक्केरीला मारहाण झाली तेव्हा?" बाईंनी विचारलं. "तेव्हा यंत्र कोणत्या प्रतीवर चालू होतं?"

सोमाचा वकील पुढं सरकून बसला.

वैजयंता भावाकडे बघत राहिली. मग ती बाईंकडे वळली.

"चालू नव्हतं, मॅडम," ती म्हणाली. "बंद होतं. मी स्वतः बंद केलं होतं."